चष्मा ‘लागतो’ तेव्हा

श्रोतेहो, मराठीतलं ‘लागणे’ हे क्रियापद फार राबणारं आहे. आपल्याला भूक लागते, झोप लागते, रस्त्यात ठेच लागते. चाळिशीच्या आसपास चष्मा लागतो. आणि घाटात एस.टी. वळणं घेऊ लागली की काही जणांना गाडी लागते. यातलं चष्मा लागणं आणि गाडी लागणं एकाच माणसाला एकाच वेळी होऊ शकतं, तेही घरातल्या फरशीवर उभं असताना. नव्या चष्म्यानं येणारी चक्कर ती हीच. ऐकायला हे दुखणं किरकोळ वाटतं. पण त्यापायी माणसं जिन्यात पडतात, आणि पडण्याच्या धास्तीनं घराबाहेर पडायचंच सोडून देतात. म्हणून आजची ही दहा-बारा मिनिटं त्यासाठी.

आपल्या जुन्या पिढीत चष्म्यालाच ‘चाळिशी’ म्हणत. ‘अगं, माझी चाळिशी कुठे ठेवलीस?’ ही हाक अनेकांनी आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. वयाला आणि वस्तूला एकच नाव. त्यात निरीक्षण आहे. डोळ्यातलं भिंग तरुणपणी लवचीक असतं, जवळचं पाहताना ते फुगतं. वयाबरोबर ते ताठर होत जातं आणि चाळिशीच्या सुमारास वर्तमानपत्र हात लांब करून धरावं लागतं. ‘चष्मा’ हा शब्द आला फारसीतल्या ‘चश्म’वरून, म्हणजे डोळा. आमच्या घरात उर्दू बोलताना ‘ऐनक’ म्हणतात. त्यातल्या अरबी ‘ऐन’चा अर्थही डोळाच. भाषांनी चष्म्याला सरळ डोळाच मानून टाकलं.

पण डोळा एकट्यानं पाहत नाही. हे हजार वर्षांपूर्वी इब्न अल्-हैसम या विद्वानानं लिहून ठेवलं आहे. तो जन्मला बसऱ्यात, आणि अकराव्या शतकात कैरोत राहून त्यानं ‘किताब अल्-मनाझिर’ हा दृष्टीवरचा मोठा ग्रंथ लिहिला. वस्तूवरून निघालेला उजेड डोळ्यात येतो तेव्हा दिसतं, हे त्यानं प्रयोगांनी मांडलं. पुढे तो असंही म्हणाला की वस्तू किती मोठी, किती लांब, हे मन आधीच्या अनुभवावरून ताडतं. आजच्या विषयात ही गोष्ट लक्षात ठेवायची आहे. चष्मा बदलला की डोळ्यापुढची काच बदलते, पण मनाचा जुना हिशेब लगेच बदलत नाही.

आता चष्म्याकडे येऊ. तेराव्या शतकाच्या अखेरीस इटलीत चष्मे वापरात आले, ते वाचण्यासाठी. लांबचं आणि जवळचं अशा दोन चष्म्यांची अदलाबदल करून कंटाळलेल्या बेंजामिन फ्रँकलिननं दोन्ही भिंगं अर्धी-अर्धी कापून एका फ्रेममध्ये बसवली. १७८४ सालच्या त्याच्या पत्रात त्याचा उल्लेख आहे. तेच आपलं बायफोकल, काचेच्या मध्ये रेघ असलेलं. १९५९ साली बर्नार्ड मेतनाझ या फ्रेंच अभियंत्याची, रेघ नसलेली काच ‘व्हॅरिलक्स’ या नावानं बाजारात आली. तिला आपण प्रोग्रेसिव्ह म्हणतो. तिच्या वरच्या भागातून लांबचं दिसतं, खालच्या भागातून वाचता येतं, आणि मधे नंबर हळूहळू बदलत जातो. पण हे होतं ते काचेच्या मधल्या अरुंद पट्ट्यात. या पट्ट्याच्या दोन्ही बाजूंना खाली दिसणं थोडं वाकडं आणि धूसर असतं. हा काचेचा दोष नव्हे, ती तिच्या घडणीची किंमत आहे.

मी कवी आहे. कविसंमेलनात हातातल्या कागदावरची ओळ आणि समोरचा माणूस, दोन्ही दिसायला हवेत. म्हणून पन्नाशी उलटल्यावर डोळे पुन्हा तपासले तेव्हा मी हाच चष्मा घेतला. वाचायचा नंबर वाढला होता, सिलिंडर नंबराचा कोनही बदलला होता. पहिल्या दिवशी घरातल्या फरशा एका अंगाला उतरत गेलेल्या दिसल्या. दाराची चौकट वर रुंद आणि खाली अरुंद झाली. मान वळवली की मागाहून खोली वळायची. सिलिंडर नंबराचा कोन बदलला की सरळ रेषा काही दिवस कललेल्या दिसतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, म्हणून घाबरलो नाही.

खरी परीक्षा मीरा रोड स्टेशनच्या पादचारी पुलावर झाली. विरारहून आलेली लोकल थांबली की पायऱ्यांवर खांद्याला खांदा लावून माणसं उतरत असतात. खाली पाहिलं, तर काचेचा खालचा भाग वाचायचा. तो हातभर अंतरावरच्या पुस्तकासाठी बनवलेला. पायरी त्याहून पुष्कळ लांब. त्यामुळे पायरीची कड पुसट झाली आणि पायरी आहे त्यापेक्षा वर आल्यासारखी वाटली. पाऊल तरंगत खाली गेलं. मागून धक्का, पुढे माणसाची पाठ, आणि पोटात घाटातल्या एस.टी.सारखं ढवळून आलं. कठड्याचा हात सोडला नाही, म्हणून निभावलं.

हे ढवळणं येतं कुठून? त्यासाठी डोळ्यांकडून कानाकडे जायला हवं. आपल्या आतल्या कानात ऐकण्याच्या यंत्रणेशेजारी तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात. त्यांत द्रव असतो. डोकं हललं की तो हलतो आणि डोकं कुठे, किती वळलं याची खबर मेंदूला जाते. ती मिळताच मान डावीकडे वळली तर डोळे तितकेच उजवीकडे सरकतात, सेकंदाच्या शंभराव्या भागाइतक्या वेळात. म्हणून चालताना जग हादरत नाही. याचा पडताळा घरी पाहा. हातात वर्तमानपत्र स्थिर धरा आणि मान ‘नाही नाही’ अशी हलवा. अक्षरं वाचता येतील. आता मान स्थिर ठेवून तितक्याच वेगानं वर्तमानपत्र हलवा. अक्षरं पुसली जातील. पहिल्या वेळी कान डोळ्यांना मदत करत होता, दुसऱ्या वेळी ती मदत नव्हती.

चष्म्याची काच वस्तू थोडी मोठी किंवा थोडी लहान दाखवते. त्यामुळे मान वळली की डोळ्यांनी किती सरकायचं, याचं प्रमाणही बदलतं. कान जुन्या मापानं सांगतो, डोळे नव्या मापानं पाहतात. दोघांचं जमत नाही, आणि या भांडणात पोट ढवळतं. गाडी लागते तेव्हाही हेच असतं. एस.टी.त पुस्तक वाचणाऱ्याचे डोळे म्हणतात, ‘आपण स्थिर आहोत.’ कान म्हणतो, ‘आपण वळतो आहोत.’

सुदैवानं मेंदू हा तंटा मिटवतो. १८९७ साली कॅलिफोर्नियातल्या जॉर्ज स्ट्रॅटन या मानसशास्त्रज्ञानं जग उलटं दाखवणारी भिंगं आठ दिवस वापरल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. सुरुवातीला त्याला साधी वस्तू उचलणंही जमेना. शेवटी शेवटी तो बऱ्यापैकी सहज वावरू लागला. मग भिंगं काढली, तर काही तास आपलं नेहमीचं जगच चमत्कारिक वाटलं. उलट्या जगाशी मेंदू जुळवून घेतो, तर आपल्या अर्ध्या-पाऊण नंबराच्या बदलाशी घेणारच. फक्त वेळ लागतो. बहुतेकांना काही दिवस, काहींना दोन आठवडे.

इथवर सगळं सरळ होतं. पण त्याच आठवड्यात दुसरी एक चक्कर सुरू झाली. पहाटे अंथरुणात उजव्या कुशीवर वळलो की छत गरगर फिरायचं, पाऊण मिनिटात थांबायचं. नमाज पढताना सजद्यात कपाळ जमिनीला टेकवलं आणि डोकं वर उचललं की तेच. घरच्यांनी निदान करून टाकलं, ‘नव्या चष्म्यानं होतंय, नंबर जास्त दिलाय.’ शेजाऱ्यांनीही दुजोरा दिला. पण पहाटे अंथरुणात चष्मा उशाशी होता, नाकावर नव्हता. आणि चष्म्याची चक्कर चालताना, पायऱ्यांवर, मान वळवताना दिवसभर थोडी थोडी येते. ही मात्र ठरावीक हालचालीला, जोरात येऊन लगेच ओसरणारी होती. दोन्ही एकाच वेळी आल्या म्हणून त्यांचं कारण एक ठरत नाही.

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो शब्दांचा होता. ‘चक्कर म्हणजे नेमकं काय होतं?’ श्रोतेहो, हा प्रश्न मला कवितेच्या कार्यशाळेतला वाटला. आपल्या भाषेत यासाठी किती शब्द आहेत पाहा. चक्कर, भोवळ, घेरी, झीट, अंधारी, गरगरणं, झोक जाणं, डोकं हलकं होणं. दवाखान्यात मात्र आपण एकच सांगतो, ‘चक्कर येते.’ भोवतालचं फिरतं का? मग कान तपासायला हवा. उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते का? मग रक्तदाब, रक्तदाबाची औषधं, उपास, पाणी कमी पडणं याकडे पाहायला हवं. रोजाच्या दिवसांत किंवा निर्जळी एकादशीला हे होऊ शकतं. काही फिरत नाही, फक्त चालताना झोक जातो का? त्याची कारणं आणखी वेगळी. चक्कर ही दुसऱ्याला दिसत नाही. रक्तदाब यंत्रावर दिसतो, ताप थर्मामीटरवर दिसतो. चक्कर सांगावीच लागते. तपासणी पुढची, पण तिची दिशा आपल्या शब्दांवर ठरते.

मी सांगितलं, छत फिरतं, कूस बदलली की, पाऊण मिनिट. मग डॉक्टरांनी मला टेबलावर बसवलं, मान एका बाजूला वळवून झटकन आडवं केलं आणि माझे डोळे निरखले. डोळे ठरावीक तऱ्हेनं थरथरले की निदान पक्कं होतं. ही तपासणी डिक्स आणि हॉलपाइक या दोघांनी १९५२ साली सांगितली. आपल्या कानात चुन्याच्या जातीचे, कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक कण असतात. ते त्यांच्या जागेवरून सुटून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरले की डोकं विशिष्ट दिशेला कललं तरी कान ‘आपण फिरतोय’ अशी खोटी खबर देतो. डॉक्टर याला बी.पी.पी.व्ही. म्हणतात. पन्नाशीनंतर हे पुष्कळांना होतं आणि ते जिवावरचं नसतं. यावरचा उपाय गोळीपेक्षा कसरतीचा आहे. जॉन एप्ली या अमेरिकी डॉक्टरांच्या पद्धतीनं डोकं क्रमाक्रमानं वळवून ते कण नलिकेबाहेर काढतात. त्यांचा यावरचा प्रसिद्ध शोधनिबंध १९९२ सालचा. मला दोन खेपांत उतार पडला. ही कसरत पहिल्यांदा डॉक्टरांकडूनच करून घ्यावी, मानेचं दुखणं असेल तर ते आधी सांगावं. तोवर मी खुर्चीवर बसून नमाज पढलो. आजारी माणसाला धर्मानंच ती मुभा दिलेली आहे.

एक इशारा इथे द्यायलाच हवा. चक्करेबरोबर तोंड वाकडं झालं, बोबडी वळली, हाता-पायातली ताकद गेली, एकाची दोन दिसू लागली, अचानक कधी नव्हे इतकं डोकं दुखलं किंवा उभंच राहता येईना, तर चष्मा आणि कान दोन्ही विसरा. तो पक्षाघात असू शकतो. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा आणि मोठ्या रुग्णालयात जा. तिथे मिनिटं मोजली जातात.

आता पुन्हा चष्म्याकडे. कानाची चक्कर थांबल्यावर उरली ती खास चष्म्याची. दोन आठवडे झाले तरी वाचायला हनुवटी फार उचलावी लागत होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर पुन्हा तपासला, तो बरोबर निघाला. मग दुकानात मापं पुन्हा घ्यायला लावली. प्रोग्रेसिव्ह काचेत दोन बाहुल्यांमधलं अंतर आणि बाहुलीची उंची मिलिमीटरमध्ये मोजावी लागते, तीही तुम्ही निवडलेली फ्रेम नाकावर ठेवून, तुम्ही ताठ उभे असताना. माझ्या काचेत एका बाजूची उंची खाली धरली गेली होती. काच बदलून मिळाली आणि चार दिवसांत फरशी सपाट झाली. तुमचा चष्मा दोन आठवड्यांनंतरही त्रास देत असेल तर निमूट सोसू नका. नंबर, माप आणि फ्रेमची बैठक या तीन गोष्टी वेगवेगळ्या तपासून मागा. मधुमेह असेल तर साखर वर-खाली होत असताना नंबर काढू नका, साखरेबरोबर नंबरही हलतो. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांच्या नंबरांत मोठा फरक पडू शकतो. तेव्हा दोन्ही डोळ्यांना वस्तू कमी-जास्त आकाराची दिसते आणि गरगरतं. हे डॉक्टरांना सांगा.

सवय लावायची रीत अशी. चष्मा सकाळी उठल्याबरोबर लावा, संध्याकाळी थकल्यावर नव्हे. सुरुवातीचे दिवस जुना-नवा असा खेळ करू नका, मेंदूला कुठलंच माप पक्कं करता येत नाही. जे पाहायचं त्याच्याकडे नुसते डोळे नव्हे, नाक वळवा. मला याचा सराव दुहेरी झाला. मराठी पुस्तक वाचताना मान डावीकडून उजवीकडे न्यायची आणि उर्दू वाचताना उजवीकडून डावीकडे. जिना उतरताना हनुवटी छातीकडे घ्या, म्हणजे पायरी काचेच्या वरच्या भागातून दिसते. कठडा धरा. आणि रस्ता ओलांडताना किंवा धावती लोकल पकडताना नव्या चष्म्याची परीक्षा घेऊ नका.

हे मी उगाच वाढवून सांगत नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीमध्ये सत्तरी ओलांडलेल्या सहाशेहून अधिक लोकांवर एक अभ्यास झाला, तो २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे डोळे तपासून नवे चष्मे दिले, ते वर्षभरात इतरांपेक्षा जास्त वेळा पडले. संशोधकांना वाटलं, नंबरातला मोठा बदल अंगवळणी पडायला वेळ लागतो, हे त्याचं एक कारण असावं. २०१० साली तिथल्याच आणखी एका अभ्यासात प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकल वापरणाऱ्या वृद्धांना बाहेर फिरण्यासाठी केवळ लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा दिला. नेहमी बाहेर फिरणाऱ्यांचं पडणं त्यानं कमी झालं. जे बाहेर फारसे जात नव्हते त्यांना मात्र त्याचा फायदा झाला नाही, ते बाहेर गेल्यावर उलट जास्त पडले. म्हणजे सर्वांना एकच चष्मा आणि एकच सल्ला चालत नाही. आधी कधी पडला असाल, वय जास्त असेल, तर डॉक्टरांना हे विचारून घ्या.

आमच्या मीरा-भाईंदरसाठी हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे. १९८० नंतर इथे मिठागरं आणि शेतांच्या कडेनं इमारती उठल्या. त्यातल्या कितीतरी चार मजली, लिफ्ट नसलेल्या. मुंबईत जागा न परवडणारी तरुण जोडपी तेव्हा इथे आली. २००२ साली महानगरपालिका झाली, तोवर ती प्रौढ झाली होती. आता ती म्हातारी झाली आहेत, आणि जिने तेवढेच आहेत. आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक काका राहतात. नव्या चष्म्यानंतर ते दोनदा पायरी चुकले. मग चष्मा डबीत गेला, आणि मागोमाग काकांचं खाली उतरणं थांबलं. आधी बाजार सुटला, मग खाडीकाठचं फिरणं, मग कट्ट्यावरच्या गप्पा. मुलगा म्हणायचा, ‘वयच झालं.’ त्यांना कुणी एवढंच विचारलं नव्हतं की नेमकं काय होतं. विचारल्यावर कळलं, वर चढताना काही होत नाही, उतरतानाच पायरी पुसट दिसते. चष्मा बायफोकल होता. आता फिरायला लांबच्या नंबराचा वेगळा चष्मा आहे, आणि सोसायटीनं जिन्याच्या प्रत्येक पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारला आहे. एका डब्याच्या रंगात चारही मजले झाले. काका रोज उतरतात असं नाही. पण आठवड्यातून तीन-चारदा कट्ट्यावर असतात.

तुमच्या इमारतीच्या पायऱ्यांना असा पट्टा आहे का, ते एकदा पाहा. आणि घरातल्या थोरांना, ‘चक्कर येते का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर बहुधा ‘नाही रे’ असंच मिळतं. कधी येते, काय करताना येते, किती वेळ टिकते, तेव्हा चष्मा डोळ्यांवर असतो की नसतो, असं विचारा. उत्तर त्यांच्याच शब्दांत कागदावर लिहून घ्या, आणि तो कागद घेऊन डॉक्टरांकडे जा.